दंडाची पावती

गेल्या अंकात या कायदेसल्ल्याच्या सदरात मी झाक देरिदाचं नाव घेतलं आणि फसलो. "कायदा उसवता येतो, न्याय उसवता येत नाही, असं हा फ्रेंच तत्त्वज्ञ म्हणतो," एवढं एकच वाक्य, तेही वारसनोंदीच्या उत्तरात जाता जाता. त्यावर अकरा पत्रं आली. एरवी पोटगी, सामाईक विहीर आणि गहाणखत विचारणारे वाचक एकदम तत्त्वज्ञानात उतरले. त्यातली पाच इथे घेतो. शेवटचं नेहमीच्या वळणाचं आहे, ते मुद्दाम शेवटी ठेवलंय.

प्रश्न : आबा, मी अमळनेरला तत्त्वज्ञानात एम.ए. करते. 'डीकन्स्ट्रक्शन'ला आम्हाला 'विरचना' हा शब्द सांगितलाय. विरचना म्हणजे सगळं मोडून काढणं असेल, तर त्यातून न्याय कसा निघणार? आणि तुम्ही तर जन्मभर कायद्याचीच भाकरी खाल्ली! – एक विद्यार्थिनी, अमळनेर

ताई, टोमणा पोचला. सातपुड्याच्या पायथ्याशी एका तालुका कोर्टात चौतीस वर्षं काळा कोट घातला, तेव्हा भाकरी कायद्याचीच.

माझे वडील शिंपी होते. त्या काळी कोट जुना झाला म्हणून कोणी टाकत नसे, उलटवून घेत. वडील ब्लेडच्या पात्यानं एकेक टाका काढायचे आणि तेवढा वेळ आम्हा पोरांना तोंड उघडायची बंदी. कोट उसवला की आत काय काय निघायचं! भलत्याच कापडाचं अस्तर, कुणीतरी घाईत मारलेले टाके, खांद्यात कोंबलेली गोणपाटाची पट्टी. विरचना म्हणजे हे उसवणं. फाडणं नव्हे. देरिदाचं म्हणणं एवढंच की कायदा शिवलेला आहे, कोणीतरी, कधीतरी, कोणाच्या तरी मापानं. म्हणून तो उसवता येतो. आणि ही वाईट बातमी नाही, असंही तो सांगतो. उसवता आला नसता तर सुधारताही आला नसता.

हे सगळं त्याच्या एका भाषणात आहे. ते त्यानं १९८९च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या कार्डोझो लॉ स्कूलमध्ये केलं. सुरुवातच अशी, की मला तुमच्याशी इंग्रजीत बोलणं भाग आहे. मला आधी वाटलं, पाहुण्याचा विनय. पण तो तिथेच मुद्द्याला हात घालतो: ज्याला निवाड्याची भाषा नीट कळत नाही, त्याचा निवाडा त्या भाषेत करणं हाच अन्याय, हीच हिंसा. हे वाचलं आणि मी पुस्तक पालथं ठेवून उठलो. डोंगरातून आलेला पावरा आदिवासी आरोपी मी पिंजऱ्यात किती वेळा पाहिला असेल! "गुन्हा कबूल आहे का?" या वाक्यातला 'कबूल' तेवढा त्याच्या ओळखीचा. तो मान हलवायचा. शेजारी दुभाषा म्हणून उभा असायचा तो त्याला पकडून आणणारा जंगल खात्याचा गार्डच. आणि मी समोरच्या बाकावर, माझ्या पुकाऱ्याची वाट बघत.

पुढे तो इंग्रजीच्या एका क्रियापदावर अडून बसतो. इंग्रजीत कायदा 'लागू करणं' म्हणजे 'एन्फोर्स', या शब्दाच्या पोटातच 'फोर्स', म्हणजे बळ, बसलंय, फ्रेंचमध्ये ते तसं ऐकू येत नाही म्हणतो. आपल्याला एवढं लांब जायला नको. आपण रोज 'कायद्याचा बडगा' म्हणतो, आणि बडगा म्हणजे सोटा हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. 'दंड' घे. दंड म्हणजे काठी, खांद्याखालचा दंडही दंडच, शिक्षाही दंड, आणि पावती फाडून भरायचे पैसेही दंड. देरिदाच्या भाषणाचा दुसरा भाग वॉल्टर बेंजामिन या जर्मन लेखकाच्या १९२१च्या निबंधावर आहे. त्या निबंधाचा सगळा डोलारा 'गेवाल्ट' या शब्दावर. जर्मनमध्ये हिंसेलाही तोच शब्द आणि रीतसर सत्तेलाही तोच. इंग्रजी-फ्रेंच भाषांतरकारांची त्यावर पंचाईत होते. मराठीत 'दंड' आयता हाताशी होता. कौटिल्य म्हणतो, दंड नसेल तर मात्स्यन्याय, मोठा मासा लहान्याला गिळणार. गंमत बघ, गिळण्यालाही शब्द 'न्याय'च.

आता मूळ गोष्ट. २००९ असेल. वनहक्काचे दावे भरायचे दिवस होते. शिरपूरकडच्या डोंगराळ अंगाचे एक म्हातारे माझ्याकडे आले. युरियाच्या गोणीच्या आतली प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात चिंधीत बांधलेल्या चौदा पावत्या. पंधरा रुपये, पंचवीस रुपये, चाळीस रुपये. प्रत्येकीवर 'अतिक्रमण, नांगरट' असं काहीतरी खरडलेलं आणि खाली अंगठा. १९२७च्या वन कायद्यात कलम ६८ आहे. त्यात गुन्हा जागीच मिटवायची सोय आहे, पैसे घ्या आणि सोडून द्या. फिर्यादी, न्यायाधीश आणि खजिनदार, सगळे एकाच खाकी शर्टात. मी म्हटलं, बाबा, हे सगळे तुमचे गुन्हे आहेत. म्हातारे माझ्याकडे पाहत राहिले. मग बाजारी अहिराणीत म्हणाले, "गुन्हा कसाना? आम्ही दर साल सारा भरेल शे."

सारा! शेतसारा! हा माणूस तीसेक वर्षं दंड भरत होता आणि त्याच्या समजुतीनं तो सरकारचा सारा होता. म्हणून तर पावत्या जपल्या होत्या.

२००६च्या वनहक्क कायद्यानं त्याच्या उद्देशिकेतच 'ऐतिहासिक अन्याय' हे शब्द घातलेत. आपल्याच जुन्या कायद्यानं अन्याय केला, हे सरकारनं नव्या कायद्यात लिहून ठेवलंय. असा कबुलीजबाब मी आरोपीकडूनही क्वचित ऐकला. हक्क कोणाला? १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जो ती जमीन कसतो त्याला. पुरावा काय? आमच्याकडे दाव्यांना या दंडाच्या पावत्याच जोडल्या. गार्डनं पावतीवर 'अतिक्रमण' लिहिलं तेव्हा त्यानं नकळत हेही लिहून ठेवलं होतं की हा माणूस त्या साली इथे नांगरत होता. तोच कागद, तोच अंगठा. म्हाताऱ्यांचा 'सारा' हे चुकीचं वाचन, आणि शेवटी तेच वाचन कायद्याच्या जास्त जवळ निघालं. ताई, विरचना मला पुस्तकात कळली नाही, त्या चिंधीत कळली.

पण एक सांगून ठेवतो. ते कसत असलेली जमीन जवळजवळ आठ एकर होती, पट्टा मिळाला सव्वादोन एकरांचा. तेव्हा न्याय झाला असं म्हणू नकोस, कायदा सुधारला असं म्हण. देरिदा न्यायाला 'येऊ घातलेला' म्हणतो. आमच्या बाजारपेठेत त्याला येणेबाकी म्हणतात.

प्रश्न : आबासाहेब, आम्ही मुलांची सहल थाळनेरला नेली. किल्लेदाराला इंग्रजांनी फाशी दिली हे सांगितल्यावर सातवीतल्या एका मुलानं विचारलं, "सर, त्यानं गुन्हा काय केला होता?" मला उत्तर देता आलं नाही. – एक शिक्षक, शिरपूर तालुका

सर, तुमच्या सातवीतल्या पोरानं देरिदाच्या भाषणाचा अर्धा भाग एका प्रश्नात उरकला.

तारखा लावून बघा. २१ डिसेंबर १८१७ला महिदपूरला होळकर हरले. ६ जानेवारी १८१८ला मंदसोरला तह झाला आणि त्यात खानदेशातला होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. गादीवरचे मल्हारराव तेव्हा अल्पवयीन. २७ फेब्रुवारीला जनरल हिसलॉप फौज घेऊन तापीकाठी, थाळनेरपुढे उभा. किल्लेदार तुळशीराम मामा. आधी तोफा चालल्या, मग किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. आतल्या दरवाजाशी बोलाचालीत काहीतरी बिनसलं आणि आत शिरलेले इंग्रज अधिकारी कापले गेले. मग इंग्रजांनी आतली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फासावर दिलं. कारण असं दाखवलं, की तह झाल्यावर किल्ला न देणं म्हणजे बंड.

तह ते फाशी, ५२ दिवस. बंड कोणाविरुद्ध? होळकरांच्या नियमानं किल्लेदाराचं काम दरवाजा न उघडण्याचं. इंग्रजांची चाकरी त्यानं कधी पत्करलीच नव्हती. ज्या कायद्यानं तो गुन्हेगार ठरला तो कायदा थाळनेरात आधी नव्हताच. तो त्या फाशीबरोबरच आला. देरिदाचा मुद्दा नेमका हा. राज्य जिथे पहिला पाय रोवतं ती कृती कायदेशीरही नसते आणि बेकायदेशीरही, कारण मोजायला लागणारी पट्टीच ती कृती तयार करत असते. पुढे राज्य टिकलं की मागे वळून म्हणतात, ते कायद्याला धरून होतं. न टिकलं तर त्यालाच खून म्हणतात. फ्रान्सचा माँतेन्य सोळाव्या शतकातच लिहून गेला की लोक कायदे पाळतात ते कायदे न्यायाचे असतात म्हणून नव्हे, ते कायदे असतात म्हणून. त्याला तो कायद्याच्या अधिकाराचा गूढ पाया म्हणतो. आपली म्हण जास्त उघड आहे: बळी तो कान पिळी.

तरी फासाची गाठ इंग्रजांनाही बोचली. पुढच्या वर्षी लंडनच्या पार्लमेंटमध्ये फौजेच्या अभिनंदनाचा ठराव आला तेव्हा याच फाशीवरून हिसलॉपबद्दल प्रश्न उठले. किल्लेदाराच्या घरच्यांना त्याचा काय उपयोग, ते सोडा.

पुन्हा सहल नेलीत तर पडक्या भिंतीपाशी मुलांना उभं करून विचारा: २७ फेब्रुवारीच्या सकाळी हे गाव कोणाचं होतं? उत्तर चुकलं म्हणून मार्क मात्र कापू नका.

प्रश्न : वकीलसाहेब, मी ३१ वर्षं पोलीस खात्यात काढली. लाठी चालवली ती वरच्या आदेशावरून. तुमचे हे परदेशी लेखक आमच्या लाठीला हिंसा म्हणतात, असं मुलानं मोबाइलवर वाचून दाखवलं. मग गुंडाचा दंडुका आणि आमची लाठी एकच का? – निवृत्त हवालदार, जळगाव

जमादार, एक नाही. पण फरक तुम्हाला वाटतो तिथे नाही.

बेंजामिन म्हणतो, एक हिंसा कायदा घडवणारी, दुसरी कायदा राखणारी. लाठी दुसऱ्या खात्यातली असायला हवी. पण पोलिसांत ही दोन खाती मिसळतात, असं त्याचं म्हणणं. तुम्हीच आठवा. बाजाराच्या दिवशी "गाडी इथे लावायची नाही" असं तुम्ही किती जणांना म्हणालात? ते कोणत्या कलमात होतं? तुम्ही बोललात आणि तेवढ्यापुरता तो कायदा झाला. शिव्या म्हणून हे लिहीत नाही. गर्दी सांभाळायची तर असं बोलावंच लागतं. पण लाठी राखता राखता लिहूही लागते, हे मानायला हवं.

आपल्याकडचा भिल्लांचा नायक खाज्या नाईक बघा. सेंधव्याच्या घाटात रस्ता राखायला तो इंग्रजांच्याच नोकरीत होता. एका प्रकरणात शिक्षा होऊन तुरुंगात गेला, सुटून आला, आणि १८५७ला त्याच भागात इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. एप्रिल १८५८मध्ये अंबापाणीची लढाई झाली आणि पकडलेल्या भिल्लांना इंग्रजांनी गोळ्या घातल्या. एकच माणूस राखणदार, कैदी आणि बंडखोर. हत्यार बदललं नाही, नोंदवही बदलली.

बेंजामिनचं सगळंच मला पटतं असं समजू नका. निबंधाच्या शेवटी तो रक्त न सांडता सगळा कायदाच पुसून टाकणाऱ्या 'दैवी' हिंसेची वाट बघतो. देरिदा तिथे थबकतो, कारण त्याला नाझींच्या गॅसच्या कोठड्या आठवतात. तिथेही रक्त सांडत नव्हतं. बेंजामिन स्वतः १९४०मध्ये नाझींपासून पळताना स्पेनच्या सरहद्दीवर मरण पावला. मी देरिदाच्या बाजूला उभा आहे. पण त्याच बेंजामिनचं एक वाक्य मी जपून ठेवलंय, की माणसांत समजुतीची एक जागा अशी आहे जिथे हिंसेचा हात पोचत नाही, ती म्हणजे भाषा. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते टिपून घेत होते. कायद्यानं डांबलेली माणसं, डांबलेल्या जागी. हा वाक्याला दाखला आहे की नाही, तुम्ही बघा.

प्रश्न : केळीच्या बागेच्या बांधावरून शेजाऱ्याशी दावा सुरू आहे, १९ वर्षं झाली. तीनदा मोजणी झाली, तिन्ही नकाशे वेगळे. तुमचा देरिदा न्याय येऊ घातलाय म्हणतो, तर आमच्या हयातीत येईल का, एवढं विचारून सांगा. – एक शेतकरी, चोपडा

भाऊ, देरिदा २००४मध्ये गेला, नाही तर विचारलं असतं. तरी तुमच्या बाजूनं तो एक गोष्ट बोलून गेलाय. न्याय थांबू शकत नाही. सगळी माहिती हाती आल्यावर निकाल देऊ म्हणाल तर निकाल कधीच लागणार नाही, कारण सगळी माहिती कधीच हाती येत नाही. चौथी मोजणी मागू नका, चौथा नकाशाही वेगळाच येईल.

तो असंही म्हणतो, की न्यायाधीशानं नियम पाळायचा आणि त्याच वेळी तो नियम आपण आत्ता नव्यानं लिहितोय असं समजून पाळायचा. ऐकायला हे कसरतीसारखं वाटतं. मी ते एकदा डोळ्यांनी पाहिलं. जंगलातून मोळी आणली म्हणून एका बाईला उभं केलं होतं. कडेवरचं पोर बाहेर ओट्यावर कोणाकडे तरी दिलेलं, त्याचं रडणं आतपर्यंत येत होतं. बाईनं गुन्हा कबूल केला. साहेबांनी शिक्षा सुनावली: थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे संध्याकाळपर्यंत तिनं तिथेच भिंतीला बसायचं. वाचून झालं, साहेबांनी पेन मिटलं, आणि पावणेबाराला उठून चेंबरमध्ये निघून गेले. आम्ही सगळे धडपडत उभे राहिलो. बेलिफाला आधी कळेना. मग तो बाईला म्हणाला, "जा माय, कोर्ट उठलं." दहा मिनिटांनी साहेब परत आले आणि पुढचा पुकारा झाला.

नियम मोडला का? एक अक्षरही नाही. दुसऱ्या दिवशी बाररूममध्ये यावर दोन तट पडले होते. एक ज्येष्ठ वकील म्हणाले, हा कायद्याचा खेळखंडोबा आहे. मी तेव्हा गप्प बसलो, त्याची आता लाज वाटते.

तुमच्याबद्दल. एकोणीस वर्षं दावा पडून राहणं हीसुद्धा दंडुका न उगारता केलेली मारहाणच आहे, आणि ती दोघांनाही बसते. शेजारी तयार असेल तर लोकअदालतीत तडजोड करा. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, कोर्ट फीही परत मिळते. दोन फूट बांध सोडलात तर केळीचे फार तर थोडे घड कमी येतील.

प्रश्न : आजोबांच्या नावावर वनपट्टा झाला. घरात त्यांच्या जुन्या दंडाच्या पावत्या आहेत. वडील म्हणतात, गुन्ह्याचे कागद घरात नकोत, जाळून टाक. मी लॅमिनेशन करून ठेवू का? – एक वाचक, धडगाव

जाळू नका आणि लॅमिनेशनही करू नका.

वडिलांना आधी सांगा की कायद्याप्रमाणे पट्टा वारसांकडे जातो, विकता मात्र येत नाही, आणि आजी हयात असेल तर तो दोघांच्या नावे असायला हवा. नाव बघून घ्या. पट्ट्यावरचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष कसत असलेलं क्षेत्र जुळतंय का तेही बघा. कमी असेल तर ग्रामसभा आणि वरच्या समित्यांपुढे जाताना एकाहून जास्त पुरावे लागतात, आणि पावत्यांवर साल असतं. म्हाताऱ्या शेजाऱ्यांचे जबाब आताच लिहून घ्या, ते काही कायम बसलेले नाहीत.

लॅमिनेशन केलं की कागद पुन्हा सुटा होत नाही, आणि अस्सल बघायला मागितला तर तुमची अडचण. जुन्या पावत्या बऱ्याचदा कॉपिंग पेन्सिलनं लिहिलेल्या असतात. पाणी लागलं की अक्षर जांभळं होऊन पसरतं. आधी दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स काढा, मग सुती कापडात बांधून पत्र्याच्या डब्यात ठेवा, चुलीपासून लांब. वर सांगितलेल्या म्हाताऱ्यांच्या चौदांपैकी दोन पावत्या एका पावसाळ्यात भिजलेल्या होत्या. त्यातल्या एकीवर रक्कम गेली होती, साल गेलं होतं, गार्डची सही गेली होती, फक्त अंगठा राहिला होता. ती समितीनं धरली नाही.